अख्खा मासा चायनीज पद्धतीने वाफवताय? मग क्रम चुकवू नका

वाफवलेला मासा फसला की लोक वाफेला दोष देतात, पण खरं तर बहुतेक वेळा घोळ आधीच झालेला असतो, म्हणजे माशाला मीठ-हळद-लिंबू लावताना, नाहीतर मग शेवटच्या दोन मिनिटांत, ताटात जमलेलं पाणी तसंच ठेवून त्यावर सोया सॉस ओतताना. मधली आठ-नऊ मिनिटं मासा स्वतःचं स्वतः शिजतो, तिथे आपल्याला करायला फारसं काही नसतंच. म्हणून हा लेख मुख्यतः आधीच्या तयारीचा आणि नंतरच्या क्रमाचा आहे.

पद्धत कँटनीज आहे, म्हणजे हाँगकाँग आणि दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांताकडे घरोघरी करतात ती. मासा साधा वाफवायचा, त्यातलं पाणी फेकायचं, वर आलं आणि कांद्याची पात, त्यावर कडकडीत तेल, आणि कडेने गोडसर सोया. बस. ही पात्रानी मच्छी नाही, इथे चटणी नाही, केळीचं पान नाही, मुरवणं तर अजिबातच नाही.

टप्पा १: मासा निवडणं

इथे मसाला नसल्यामुळे शिळा मासा लपत नाही. हाँगकाँगच्या बाजारात टाकीतला जिवंत मासा दाखवून तिथल्या तिथे साफ करून घेतात, आपल्याकडे ते क्वचितच शक्य आहे, तर निदान त्याच दिवशी आलेला तरी घ्या. कल्ला उचलून बघा, आत लाल पाहिजे, तपकिरी नको. डोळा फुगीर आणि चकचकीत, बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून यायला हवा. वास समुद्राचा आला तर ठीक, नाक मुरडावंसं वाटलं तर त्या माशाचं कालवण करा, ही रेसिपी नाही.

कुठला मासा? पांढऱ्या मांसाचा, कमी तेलकट, ६०० ते ८०० ग्रॅमचा. माझं पहिलं मत जिताड्याला, त्याचं मांस जाड पापुद्र्यांचं असतं आणि अर्धा-पाऊण मिनिट जास्त झालं तरी सांभाळून घेतो. गोव्यात त्यालाच चणक म्हणतात. हेकरू मिळाला तर उत्तमच, कारण तिकडे ज्याला ग्रूपर म्हणतात आणि लग्नाच्या जेवणात मानाने आणतात त्याच जातकुळीतला हा. तांबोशी चालते. पापलेट चालतं पण ते चपटं, त्याचा वेळ वेगळा, पुढे सांगते. तळ्यातली तिलापी स्वस्त पडते पण कधीकधी चिखलाचा वास मारते. बांगडा-तारली नको, त्यांचं तेल वाफेत उग्र होतं, त्यांना तवाच बरा. सुरमई अख्खी आणायची म्हणजे मोठीच आणावी लागते, ती कढईत मावणार नाही.

१ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा समुद्राचा म्हणून जो मोठा मासा दिसतो तो बऱ्याचदा बर्फातला असतो. त्या दोन महिन्यांत पाळलेला जिताडा मिळाला तर तो घ्या. फ्रोजन मासा सुटताना पाणी सोडतो आणि वाफवल्यावर कापसासारखा लागतो.

परदेशात असाल तर काम सोपं आहे, जवळच्या चायनीज दुकानात टाकीतला सी बास दाखवा आणि वाफवायला अख्खा साफ करून द्या म्हणा, त्यांना रोजचं आहे.

टप्पा २: बाजारात काय सांगायचं

हे आधी सांगा, पैसे देताना नाही. कारण कोळणीच्या हाताची सवय अशी असते की तुम्ही पिशवी उघडेपर्यंत तुकडे झालेले असतात. "मावशी, तुकडे नको, अख्खा पाहिजे. खवले काढा, कल्ले काढा, पोट साफ करा, डोकं-शेपूट राहू दे." इतकं सगळं सलग सांगायचं. पोटाची चीर लहान ठेवायला सांगा, लांबच लांब चिरलं की वाफवताना मासा उघडतो आणि ताटात आडवा पसरतो.

आणि पित्त फुटू देऊ नका म्हणावं. फुटलं तर आतून हिरवट-पिवळा डाग दिसतो, तो भाग लगेच धुऊन खरवडला नाही तर पोटाकडचा घास कडू लागतो.

टप्पा ३: घरी आल्यावर परत साफसफाई

बाजारात साफ केलेला मासा साफ नसतो, हे धरूनच चाला. तीन जागा बघायच्या.

पहिली, पोटाच्या आत कण्याला चिकटून एक काळपट लाल पट्टा असतो, वर पातळ पापुद्रा. सुरीच्या टोकाने तो पापुद्रा लांबीत फाडायचा आणि नळाखाली जुन्या पण स्वच्छ टूथब्रशने घासायचं. आधी गडद लाल पाणी येतं, मग गुलाबी, मग स्वच्छ, आणि कण्याचे मणके पांढरे दिसायला लागतात, तिथे थांबा. मासा हिवसतो त्याचं मोठं कारण हा पट्टा, आणि नव्वद टक्के लोक तो तसाच ठेवतात असं माझं मत आहे, मोजलेलं नाही अर्थात.

दुसरी, पोटाच्या भिंतीवरचं काळं अस्तर, काही माशांत असतं, अंगठ्याने चोळून निघतं. तिसरी, कल्ल्यांची मुळं आणि घशाजवळ अडकलेलं रक्त.

खवले उलट्या दिशेने हात फिरवून परत तपासा, खास करून पोटाखाली, पराच्या मुळाशी आणि डोक्याच्या मागे.

आता कोरडा करा. किचन टॉवेलने बाहेरून आणि पोटातून, अगदी टिपून. हे नुसतं दिसण्यासाठी नाही, ओल्या माशावरचं पाणी ताटात उतरतं आणि खालची बाजू वाफेवर न शिजता त्या पाण्यात उकडते.

तपासा: पोटात टिश्यू फिरवल्यावर लाल डाग येतो का? येत असेल तर परत धुवा.

सावधान: मीठ नाही, हळद नाही, लिंबू नाही, आलं-लसूण पेस्ट नाही. आपला हात शिवशिवतो, माहितीये. पण मीठ लावून अर्धा तास ठेवला की मासा पाणी सोडतो आणि मांस घट्ट होतं, लिंबाने वरचा थर वाफेआधीच पांढरा पडतो, आणि हळद सोयाबरोबर काही बोलत नाही. मीठ पुढे सोयातून येणारच आहे.

टप्पा ४: चीर आणि मांडणी

जिताडा, हेकरू असा जाड मासा असेल तर पाठीकडून, वरच्या पराच्या दोन्ही बाजूंनी, कण्याला लागून डोक्यापासून शेपटीकडे एकेक लांब चीर द्यायची, साधारण दोन सेंटिमीटर खोल. यामुळे पाठीचा सगळ्यात जाड भाग आणि पोटाचा पातळ भाग जवळजवळ एकाच वेळी शिजतात. तंदुरीला देतो तसे तिरके खोल काप मला इथे आवडत नाहीत, त्यातून रस निघून जातो आणि कातडी आक्रसून मासा फाटल्यासारखा दिसतो. पापलेटला चीर लागत नाही.

ताट असं पाहिजे की ज्याला काठ आहे, कारण पाणी जमणार. स्टीलचं ताट लवकर तापतं, जाड चिनी मातीची प्लेट उशिरा तापते आणि वेळ साधारण एखाद मिनिटाने वाढतो. मेलामाइन वापरू नका.

ताटात आधी पातीच्या कांद्याचे तीन-चार जाड दांडे आडवे ठेवायचे, त्यावर मासा. किंवा दोन लाकडी चॉपस्टिक्स. मुद्दा एवढाच की मासा ताटाला टेकता कामा नये, खालून वाफ फिरली पाहिजे. हे नाही केलं की वरची बाजू शिजलेली आणि खालची कच्ची, मग पाच मिनिटं वाढवली की वरची बाजू भुसा. पोटात आल्याच्या चार-पाच चकत्या, एखादा दांडा पात. शाओशिंग वाईन, म्हणजे तांदळाची चिनी वाईन, असेल तर एक छोटा चमचा चोळा, नसेल तर सोडून द्या, ताजा मासा असेल तर तिची गरजच नसते. व्हिनेगर हा तिला पर्याय नाही.

मासा भांड्यापेक्षा लांब निघाला तर? मधोमध तिरका कापा, दोन तुकडे शेजारी शेजारी वाफवा आणि वाढताना परत जुळवून वर पात टाका. कोणाला कळत नाही.

फ्रीजमध्ये ठेवला असेल तर वाफवायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढा, आपल्या हवेत तेवढं पुरे, जास्त नको. गार मासा घातला तर वेळेचा सगळा हिशोब कोलमडतो.

टप्पा ५: गॅसवर ठेवायच्या आधी सगळं मांडून ठेवणं

हा टप्पा लोक गाळतात, आणि मग मासा तयार झाल्यावर आलं चिरत बसतात, तोपर्यंत झाकणाखाली तो शिजतच राहतो.

६०० ते ७०० ग्रॅमच्या माशाला लागणारं सामान असं:

वरून घालायला पातीच्या कांद्याच्या चार-पाच पाती, बोटाएवढ्या लांब कापून उभ्या बारीक चिरलेल्या. आलं कोवळं, दोन इंच, काडेपेटीच्या काडीपेक्षाही बारीक. किसायचं नाही, किसलेलं आलं तेलात लगेच करपतं. आवडत असेल तर थोडी कोथिंबीर, तिच्या काड्या वेगळ्या ठेवा. पात कुरळी व्हावी म्हणून थंड पाण्यात ठेवतात, ठेवा, पण नंतर कापडावर पूर्ण कोरडी करा.

सोयाचा रस: लाइट सोया सॉस तीन मोठे चमचे, पाणी चार मोठे चमचे, साखर एक छोटा चमचा, चिमूटभर पांढरी मिरपूड. छोट्या भांड्यात घालून कोथिंबिरीच्या काड्या टाका, साखर विरघळून एक उकळी आली की बंद. चाखून बघा, नुसता चाखला तर किंचित खारट लागला पाहिजे, कारण तो भाताबरोबर खायचाय.

सावधान: किराणा दुकानात सहज मिळतो तो बहुधा डार्क सोया असतो, दाट आणि काळा. तो इथे नको, मासा काळाकुट्ट होतो आणि चव काकवीकडे जाते. बाटलीवर लाइट लिहिलेलं बघा. किक्कोमनचा साधा सोया जपानी आहे पण चालतो, ली कुम की वाल्यांचा तर खास माशासाठी गोडवलेला सोया येतो, तो मिळाला तर साखर घालू नका.

तेल तीन मोठे चमचे, फोडणीच्या कढल्यात काढून ठेवा. इथे आपण नशीबवान, कारण कँटनीज स्वयंपाकात जे शेंगदाण्याचं तेल पहिल्या पसंतीचं, तेच आपल्याकडे घरात असतं. खोबरेल आणि मोहरीचं तेल नको.

भात झालेला असू दे. माणसं पानावर बसलेली असू देत. हा पदार्थ माणसांची वाट बघत नाही.

टप्पा ६: भांडं आणि वाफ

मोठी कढई, त्यात तिवई किंवा जाळी, वर उंच झाकण, हे सगळ्यात बरं. मोदकपात्र चालतं, पण चाळणीच्या भोकांवर ताट बसलं की वाफेची वाट बंद होते, म्हणून ताटाच्या चारही बाजूंनी निदान दोन बोटं जागा सुटली पाहिजे. नाहीच सुटली तर लहान ताट घ्या. कुकर वापरायचा तर शिट्टी काढून, पण त्यात पापलेटच मावेल.

पाणी ताटाच्या खाली तीन-चार सेंटिमीटर राहील इतकंच, उसळून ताटात येता कामा नये. पंधरा मिनिटं टिकेल एवढं मात्र हवं. मध्येच पाणी घालायची वेळ आलीच तर उकळतं घाला.

झाकण सपाट असेल तर वाफेचे थेंब माशावर पडतात, तेव्हा झाकणाला आतून कापड बांधा आणि टोकं वर गाठ मारून घ्या, खाली लोंबलेलं कापड गॅसवर पेटतं.

आता मुख्य गोष्ट. पाणी खळाखळा उकळून झाकणाच्या कडेने वाफ जोरात यायला लागली की मगच मासा आत ठेवायचा. थंड पाण्यावर मासा ठेवून गॅस लावला तर तो हळूहळू कोमट होत रस सोडत जातो, आणि शेवटी कोरडा होतो.

तपासा: झाकण उचलल्यावर वाफेचा लोट तोंडावर आला का? नुसती धुगधुग असेल तर अजून दोन मिनिटं थांबा.

टप्पा ७: वेळ

आच मोठी, शेवटपर्यंत मोठी. झाकण उघडून बघायचं नाही, प्रत्येक वेळी उघडलं की वाफ जाते आणि वेळ परत मोजावा लागतो.

चपटं पापलेट ४०० ते ५०० ग्रॅम: ६ ते ७ मिनिटं. जिताडा, हेकरू, तांबोशी ६०० ते ७०० ग्रॅम: ८ ते ९ मिनिटं. ८०० ते ९०० ग्रॅम: १० ते ११ मिनिटं. किलोच्या वरचा मासा पहिल्यांदा करताना घेऊच नका. हे आकडे मासा आत गेल्यापासूनचे आहेत, आणि तुमचा गॅस, तुमचं ताट याप्रमाणे मिनिटभर इकडे-तिकडे होणार. वजनापेक्षा जाडी महत्त्वाची, दोन मासे एकाच वजनाचे असले तरी फुगीर असेल त्याला जास्त वेळ.

वेळ झाली की गॅस बंद करा आणि झाकण न काढता आणखी दोन मिनिटं तसंच राहू द्या. आतल्या उष्णतेवर कण्याजवळचा भाग हळूच पूर्ण होतो. या दोन मिनिटांत दुसऱ्या गॅसवर तेल तापत ठेवा आणि सोयाचा रस परत गरम करा.

तपासा: डोळा पांढरा होऊन बाहेर आलेला दिसेल. डोक्याच्या मागे, पाठीच्या सगळ्यात जाड जागी चॉपस्टिक किंवा बांबूची काडी घाला, विनासायास हाडापर्यंत गेली तर झालं. रबरासारखं अडलं तर झाकण लावून गॅस मोठा करून मिनिट-दीड मिनिट.

कँटनीज हॉटेलात मांस हाडाला जेमतेम चिकटलेलं आणि कण्याजवळ किंचित गुलाबी असं आवडीने ठेवतात. घरात लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्कर माणसं असतील तर त्या भानगडीत पडू नका, मांस हाडापासून सहज सुटेपर्यंत शिजवा. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड जागी ६३ अंश सेल्सिअस बघा.

टप्पा ८: शेवटची दोन मिनिटं, याच क्रमाने

एक, ताट पक्कडीने किंवा दोन्ही हातांत जाड कापड धरून बाहेर काढा. त्यात गढूळ पाणी जमलेलं दिसेल, हे सगळं ओतून टाका. मासा चमच्याने अडवून धरा नाहीतर तोही सिंकमध्ये जाईल. आपल्याला वाटतं हा माशाचा अर्क आहे, वाया कशाला घालवायचा, पण त्यात झाकणावरचं पाणी, उरलंसुरलं रक्त आणि हिवस वास असतो. सोया त्यात मिसळला की पांचट आणि हिवसट दोन्ही होतो. फेका.

दोन, खालचे दांडे आणि पोटातलं आलं काढून टाका, त्यांचं काम संपलं. वाढायचं ताट वेगळं असेल तर ते गरम पाण्याने तापवून पुसलेलं पाहिजे, आणि मासा दोन रुंद उलथन्यांनी उचलायचा, एकाने कधीच नाही.

तीन, चिरलेलं आलं आणि पात माशावर डोक्यापासून शेपटीपर्यंत पसरा.

चार, तेल. त्यावर तरंग दिसायला लागून धुराची पहिली बारीक रेघ निघाली की तयार. पातीचा एक तुकडा टाकून बघा, लगेच चर्र झालं पाहिजे. मग आलं-पातीवर सगळीकडे फिरवत ओता. आवाज आला पाहिजे, मोठा. आवाज नाही आला तर तेल गार होतं, आता मासा नुसता तेलकट आणि आलं कच्चं, आणि परत ओतून उपयोग नाही.

सावधान: पात ओली असेल तर तेल अंगावर उडतं. मुलांना लांब ठेवा, चेहरा ताटावर आणू नका, कढलं आपल्यापासून लांबच्या टोकाकडून ओतायला सुरू करा.

पाच, गरम सोयाचा रस ताटाच्या कडेने ओता, माशावर नाही. काही जण आधी सोया आणि मग तेल घालतात, पण मग तेल सोयातल्या पाण्यावर पडून जास्त उडतं, आणि कातडी तपकिरी होते. कडेने घातला की मासा पांढरा राहतो आणि ज्याला जितकं खारं हवं तितकं तो बुडवून घेतो.

कोथिंबीर वर. लगेच पानात.

टप्पा ९: वाढणं

हेही लोक चुकतात आणि दोन मिनिटांत ताटात काट्यांचा चिवडा होतो. माशाच्या कुशीवर मधोमध डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ दिसते, चमच्याच्या कडेने त्या रेघेवर कापा, मग वरचं मांस एकदा पाठीकडे आणि एकदा पोटाकडे सरकवा. कणा उघडा पडेल. शेपटीकडून तो उचलला की डोक्यापर्यंत अख्खा निघून येतो, खालची बाजू आयती मोकळी. मासा उलटायचा नाही. दक्षिण चीनच्या कोळी घरांत ताटातला मासा उलटणं म्हणजे होडी उलटणं मानतात, ते मानलं नाहीत तरी उलटताना तो तुटतो हे आहेच.

गालाचं मांस डोळ्याखाली असतं, दोनच घास, सगळ्यात मऊ. ते ज्याला द्यायचं त्याला आधीच वाढा, नंतर भांडणं होतात.

उरला तर परत वाफवू नका, कडक होतो. काटे काढून, मांस सुटं करून दुसऱ्या दिवशी गरम पेजेत घाला, वर उरलेला सोयाचा रस चमचाभर. रस रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला की वर तेल गोठतं, ते काढायचं नाही, पेजेत आल्याचा वास त्याचाच येतो.